गोठ्यातली पोथी

वैभववाडीला मुद्दाम उतरणारे लोक थोडे. कोल्हापूरहून गगनबावडा ओलांडून करूळचा घाट उतरणाऱ्यांना मालवण-तारकर्लीची घाई असते आणि रेल्वेने गोव्याकडे जाणाऱ्यांना 'वैभववाडी रोड' ही पाटी खिडकीतून दिसते, तेवढीच. मला मात्र सिंधुदुर्गाचा हा समुद्र नसलेला कोपरा आवडतो. मान वर केली की सह्याद्रीचे कडे दिसतात, खाली शुक नदी वाहते, नापण्याचा धबधबा उन्हाळ्यातही आटत नाही. आश्विन नुकताच लागला होता. हळवं भात पिवळं पडलं होतं, गरवं अजून हिरवं होतं. बाजारात झेंडूचे ढीग लागले होते, कारण नवरात्र सुरू होतं. मी निघाले होते दक्षिणेला, कुडाळच्या पुढे पिंगुळीला. तिथे गुढीपूर वाडीत ठाकर समाजाचं एक संग्रहालय आणि कलादालन आहे, आणि ते एका गोठ्यात सुरू झालं आहे. एवढंच ऐकून होते.

सावंतवाडीकडे जाणाऱ्या गाडीत समोर एक वयस्कर बाई बसल्या होत्या. मांडीवर सुपारीच्या पानात गुंडाळलेली फुलं, शेजारी नात.

"खंय उतरतलास?" त्यांनी विचारलं.

"कुडाळाक. पिंगुळीक जावचा हा."

"मठात?"

पिंगुळी म्हटलं की या भागात आधी राऊळ महाराजांचा मठच आठवतो. मी म्हटलं, "नाय, ठाकरांकडे. बावल्यो बघूक."

बाईंचा चेहरा बदलला. "आमच्या गावात येयत ते. देवळात रातभर खेळ चलायचो. आमी पोरां म्होरं बसायचो, निजायचो, परत उठान बघायचो." नातीने विचारलं, कसला खेळ? बाईंनी दोन्ही हात वर धरले, बोटं हलवली, काहीतरी सांगायला गेल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "ता बघूकच व्हया गे." नांदगाव गेलं, कणकवली आली. गड नदीचं पाणी अजून गढूळ होतं. बाई सिंधुदुर्ग स्टेशनला उतरल्या. त्या अर्धवट राहिलेल्या हातवाऱ्यात मला पुढे काय बघायचंय ते जवळपास सगळं सांगून गेल्या होत्या, हे नंतर कळलं.

कुडाळहून पिंगुळी अगदी जवळ, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला. गुढीपूर ही ठाकरांची वाडी. सह्याद्रीच्या उत्तरेकडच्या, ठाणे-रायगडच्या डोंगरांतले ठाकर-ठाकूर शेती-जंगलावर जगणारे. सिंधुदुर्गातल्या या ठाकरांचं जगणं पिढ्यान्‌पिढ्या कथेवर चाललं. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, राधानाच, पांगुळ, पोवाडे अशा नाना कला एका छोट्या समाजाने सांभाळल्या. पावसाळा संपून दसरा आला की खेळ घेऊन बाहेर पडायचं, गावोगावच्या देवळांत कथा लावायची, पावसाच्या आधी घरी परतायचं. सावंतवाडीच्या सावंत-भोसले घराण्याचा त्यांना आश्रय होता. कुठल्या देवळात कोणी कथा लावायची, हे घराण्यांप्रमाणे ठरलेलं असे. त्यामुळे कला हा त्यांचा मान होता आणि हक्कही. शिवाजी महाराजांच्या काळात आपल्या पूर्वजांनी खेळाच्या निमित्ताने गावोगाव फिरून हेरगिरी केली, असंही समाजात सांगतात. त्याला कागदाचा पुरावा मी शोधत बसले नाही. गावोगाव फिरणाऱ्या, सगळ्यांच्या ओसरीवर बसणाऱ्या माणसांबद्दल अशी आठवण टिकावी यात मला नवल वाटत नाही.

संग्रहालय परशुराम गंगावणे यांनी उभं केलं. 2006 साली घरच्या गुरांच्या गोठ्यात त्यांनी जुन्या बाहुल्या, पोथ्या, वाद्यं मांडली आणि त्याला ठाकर आदिवासी कला आंगण असं नाव दिलं. वडीलधाऱ्यांकडून आलेलं जे काही घरात होतं, तेवढंच भांडवल. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी गोठ्याची गोष्ट छापली. मला या गोष्टीत गरिबीपेक्षा वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. शहरातल्या संग्रहालयात वस्तू येतात त्या कुणाच्या तरी घरातून निघून येतात. इथे वस्तू घराबाहेर गेल्याच नाहीत. त्या माळ्यावरून उतरल्या आणि गोठ्यात आल्या. ज्यांच्या आजोबांनी त्या हाताळल्या तेच त्यांच्या शेजारी उभे राहून त्या दाखवतात.

आत शिरल्यावर पहिली नजर जाते ती लटकत्या कळसूत्री बाहुल्यांकडे. हलक्या लाकडातून कोरलेली, रंगवलेली तोंडं, कापडाची वस्त्रं. गणपती, सरस्वती, मग रामायणातली पात्रं. खेळ गणपती आणि सरस्वतीनेच सुरू होतो. काचेच्या कपाटातल्या बाहुल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण इथे दाखवणाऱ्या तरुणाने एक बाहुली सहज उतरवली, दोऱ्या बोटांत घेतल्या आणि बोलता बोलताच तिला चालवलं. आधी तिच्या खांद्यांत जीव आला, मग पायांत. तो मला काहीतरी माहिती सांगत होता आणि त्याच्या बोटांना ती माहिती लागत नव्हती. गाडीतल्या बाईंची बोटं मला आठवली.

चामड्याच्या बाहुल्या वेगळ्या. पडद्यामागे दिवा, पुढे पांढरं कापड आणि कापडावर सरकणारी रंगीत सावली. आंध्रात तोलु बोम्मलाटा, कर्नाटकात तोगलु गोंबेयाटा, केरळात तोलपावकूतु, ओडिशात रावणछाया. महाराष्ट्रात ही सावली पिंगुळीच्या ठाकरांनी जपली. इतर राज्यांतल्या काही बाहुल्या माणसाएवढ्या मोठ्या असतात. या हातभर, सुटसुटीत, पाठीवर टाकून घाटवाटांनी नेता येतील अशा.

पण मी आले होते ती चित्रकथीसाठी, आणि माझा बहुतेक वेळ तिथेच गेला.

चित्रकथी म्हणजे चित्रांवर सांगितलेली कथा. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे, म्हणजे हा धंदा महाराष्ट्र-कर्नाटकात निदान नऊशे वर्षांचा. पिंगुळीची पोथी साधारण एक फूट बाय दीड फूट कागदांची. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एका पानाच्या दोन्ही बाजूंना चित्र. अशी तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त चित्रं मिळून एका आख्यानाची पोथी होते. सीताहरण, इंद्रजित, अहिरावण-महिरावण, नंदीपुराण. कथेकरी पोथी समोर उभी धरतो, हातात वीणा, एक साथीदार टाळ वाजवतो, दुसरा हुडुक. गाणं, मग बोलणं, पुन्हा गाणं, आणि योग्य जागी पान पुढे.

रंग दगड-मातीचे आणि झाडपाल्याचे. लाल, काळा, पिवळसर, निळा आणि मातकट. माणसं बाजूने दाखवलेली, नाक टोकदार, डोळा मात्र समोरून बघतो तेवढा मोठा. लढाईच्या चित्रात हात, बाण, घोड्यांचे पाय अशी गर्दी होते की पार्श्वभूमीला जागाच उरत नाही. सुरुवातीला मला ते अनघड वाटलं. नंतर लक्षात आलं की हे चित्र हातात धरून दोन हातांवरून निवांत बघण्यासाठी काढलेलंच नाही. देवळाच्या सभामंडपात, समईच्या नाहीतर दिवटीच्या उजेडात, मागच्या रांगेतल्या माणसालाही रावण कोण आणि राम कोण ते कळलं पाहिजे. म्हणून डोळा मोठा, म्हणून बाहेरची रेघ जाड, म्हणून राक्षसाच्या अंगावर ठिपक्यांची नक्षी. चित्रकाराने दिवटीचा उजेड गृहीत धरला आहे.

माझ्या आग्रहावरून एका ज्येष्ठ कलाकाराने एक तुकडा गाऊन दाखवला. दिवसा, दोन-चार पाहुण्यांसमोर, पोथीतली मोजकी पानं. सीता पर्णकुटीच्या दारात उभी, समोर गोसाव्याच्या वेषातला रावण. चित्रात रावण हात पसरून उभा आहे, बस. गाण्यात तो आधी भुकेचं सोंग करतो, मग ओशाळतो, मग रेषेजवळ येऊन थांबतो, आणि हुडुकाचा ठेका तिथेच घट्ट होतो. मी त्याच चित्राकडे पाहत होते. चित्र तेच होतं, पण रावणाचा पसरलेला हात दर ओळीला वेगळा दिसत होता. एकदा याचकाचा, एकदा धमकीचा. मग पान उलटलं. मागच्या बाजूला रथ आकाशात, जटायूचे पंख पसरलेले. कलाकाराने पान उलटण्याआधी क्षणभर आवाज तोडला होता, त्यामुळे ते चित्र दिसायच्या आधीच मला त्याची भीती वाटली.

तेव्हा माझ्या मनात पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आलं. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी आपला मुलगा राजा याच्या स्मरणार्थ ते उभं केलं आणि पुढे महाराष्ट्र सरकारला दिलं. तेही मुळात घरातूनच सुरू झालेलं संग्रहालय, आणि चित्रकथींचा मोठा संग्रह त्यांच्यामुळे वाचला. केळकरांनी गावोगाव हिंडून वस्तू जमवल्या नसत्या तर त्यातल्या कितीतरी चुलीत गेल्या असत्या, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. अशी बरीच चित्रं 'पैठण चित्रं' या नावाने देशात आणि परदेशात गेली. ब्रिटिश म्युझियममध्ये ती आहेत, लंडनच्या व्हिक्टोरिया ॲण्ड अल्बर्टमध्ये आहेत. 1980 मध्ये ॲना दल्लापिक्कोला या विदुषीचं त्यांच्यावर जर्मन भाषेत पुस्तक निघालं. अभ्यास झाला, जतन झालं. फक्त पानं सुटली. चित्र एका भिंतीवर, त्याच्या पाठीवरचं दुसरं चित्र भिंतीकडे तोंड करून, आणि गाणं पिंगुळीत. लंडनला ते चित्र बघणाऱ्या माणसाला रावणाचा हात एकदाच दिसतो.

म्हणून मला पिंगुळीचं हे छोटं संग्रहालय एवढं मोलाचं वाटलं. सिंधुदुर्गात, किंबहुना सगळ्या महाराष्ट्रात, वस्तू जपणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. इथे वस्तू आणि ती चालवणारा हात एकाच छपराखाली आहेत. चित्रकथीचं अर्धं अंग कागदावर असतं आणि अर्धं गळ्यात. दुसरं अर्धं जपायचं तर माणसाला जपावं लागतं, त्याला रोजगार मिळावा लागतो, त्याच्या मुलाला ते शिकावंसं वाटलं पाहिजे. कुठल्याही सरकारी कपाटाला हे जमणारं नाही.

यात एक पेच आहे, तो मला तिथे उभी असताना जाणवला. झिजलेली, फाटलेली पोथी पूर्वी फेकत नसत. देवाची वस्तू म्हणून पाण्यात सोडत. नवी पोथी काढायची, जुनी नदीला द्यायची. कला टिकायची ती नव्याने काढण्यातून, साठवण्यातून नव्हे. संग्रहालयाने ही रीत उलटी केली: जुनं पान ठेवायचं, त्याला वाळवी-दमटपणापासून राखायचं. कोकणच्या पावसात कागद राखणं किती कठीण, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. जुनं ठेवायला शिकलेल्या समाजाने नवं काढायचं सोडलं असतं तर नुकसान झालं असतं. तसं झालं नाही. बाजूच्याच खोलीत तरुण मुलं चित्रं रंगवत बसली होती, जुन्या पानांवरून हात बसवत होती. जुनं पान आता त्यांच्या समोर आहे म्हणून रेघ चुकत नाही.

मधला काळ वाईट गेला. 1948 मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन झालं आणि राजाश्रय गेला. देवळांची वतनं बदलली, गावाची रात्रभर जागण्याची सवय मोडली, पुढे टीव्ही आला. खेळ घेऊन आलेल्या माणसाला मिळणारा शेरभर तांदूळ आटला. काही घरांनी पोथ्या विकल्या, काहींनी भिक्षेकऱ्यासारखं वागवलं जाण्यापेक्षा मोलमजुरी पत्करली. हा अपमान लहान नाही. ज्या कथेकऱ्याला देवळात मानाची जागा होती त्याच्याकडे दारावर आलेला मागता म्हणून बघायला गाव शिकलं, हे आपण कोकणी माणसांनी मान्य केलं पाहिजे. गुढीपूरमध्ये गंगावणे यांच्याखेरीज इतरही घराण्यांनी ही कला धरून ठेवली. मसगे घराणं त्यात आहेच. त्या वर्षांत ज्यांनी पोथी विकली नाही, त्यांच्यामुळे आज बघायला काही आहे.

आणि त्याच काळात आणखी एक लढाई चालू होती, ती कागदपत्रांची. ठाकर, ठाकूर ही नावं महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, 1976 मध्ये त्यावरची प्रादेशिक मर्यादाही उठली. तरी दाखला पडताळणीत वर्षानुवर्षं कुटुंबं अडकली. तुमच्या चालीरीती, तुमचे देव, तुमचे सण जमातीशी जुळतात का, असं तपासलं जायचं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की ही साधर्म्याची चाचणी प्रत्येक प्रकरणात एकमेव निकष धरता येणार नाही. हे कायद्याचं झालं. पण ज्या समाजाला आपण कोण आहोत ते पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध करावं लागलं, त्याने स्वतःच्या वाडीत, स्वतःच्या हाताने, आपल्या कलांचं घर बांधावं, यात मला स्वाभिमानाची मोठी गोष्ट दिसते. इथे कुणी त्यांची ओळख तपासायला येत नाही. ते स्वतः ती सांगतात आणि येणारा ऐकतो.

सावंतवाडीच्या राजवाड्यात अशीच दुसरी कला वाचली, गंजिफा. दहा अवतारांचे एकशेवीस गोल पत्ते, लाखकाम, बारीक कुंचल्याची रेघ. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच कारखाना काढला. ते काम फार मोठं आहे आणि मी ते पाहून आले आहे. तिथे वाड्याने कला उचलून धरली. पिंगुळीत कलेने स्वतःच स्वतःला उचललं, मागे ना वाडा, ना तिजोरी. दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकमेकांपासून अर्ध्या तासावर. तरी सावंतवाडीला येणाऱ्या गाड्यांपैकी फार थोड्या पिंगुळीला वळतात.

आता विक्रीचं. कलादालनात चित्रकथी कागदावर मिळते, कापडावर मिळते, इतरही वस्तूंवर मिळते. काहीजणांना ते खटकतं. मला खटकत नाही. पोट भरलं पाहिजे, आणि रंगवणारा हात रोज चालला तरच चांगला चालतो. माझी काळजी वेगळी आहे. चित्र विकतं, गाणं विकत नाही. चित्र काढायला शिकलेली मुलं दिसली, तितकी हुडुक घेऊन रात्रभर आख्यान लावणारी दिसली नाहीत. गाणं शिकायला वेळ लागतो, गुरू लागतो आणि मुख्य म्हणजे ऐकणारे लागतात. ऐकणारे आपण. नवरात्रात कुडाळ परिसरात देवळात चित्रकथी होते तेव्हा समोर बसायला लोक असतील तर ती मुलं गाणं शिकतील. शाळांच्या सहली सिंधुदुर्ग किल्ल्याला जातात, समुद्रावर जातात, जाऊ देत. त्यातला एक दिवस गुढीपूरला गेला आणि पोरांच्या बोटांत दोऱ्या आल्या तर काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. कणकवलीच्या बाजूने आलेल्या एका कुटुंबातला मुलगा बाहुलीच्या दोऱ्या गुंतवून बसला. शिकवणाऱ्याने त्या सोडवल्या नाहीत, त्यालाच सोडवायला लावल्या आणि मग बाहुलीचं डोकं कुठल्या बोटाने हलतं ते सांगितलं. आईबाप निघायची घाई करत होते, पोरगा हलेना.

निघताना मी एक चित्र घेतलं. कागदावरचं, साधारण पोथीच्याच मापाचं, हनुमान अशोकवनात झाडावर बसलेला आणि खाली सीता. हे रंगवलं कुणी, ते विचारलं. मग हा प्रसंग कुठल्या आख्यानात, याच्या आधीचं चित्र काय आणि पुढचं काय, तेही विचारलं. ज्या तरुणीने ते दिलं ती थोडी विचारात पडली, मग आतल्या आजोबांना हाक मारली. त्यांनी बाहेर येऊन उभ्या उभ्या सगळं सांगितलं: आधीच्या पानात राक्षसिणी सीतेला घेरून, पुढच्या पानात अंगठी तिच्या ओंजळीत पडलेली, आणि मधल्या या पानावर हनुमान किती वेळ गप्प बसतो ते गाण्यातच कळतं. तरुणीही ऐकत उभी होती. मी चित्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने ते सगळं लिहून घेतलं, चित्रकाराचं नाव आणि वाडीचं नाव घातलं. घरी आल्यावर चौकट करून घेताना फ्रेमवाल्याला सांगितलं की मागे पुठ्ठा ठोकू नकोस, तिथेही काच लाव.